कोल्हापूरच्या दवाखान्यात ज्यांची खुर्ची रिकामीच राहिली : डॉ. आनंदीबाई जोशी आणि क्षयाची बीमारी

सीपीआरची पायरी चढली नाही असं घर कोल्हापुरात शोधून सापडणार नाही. कुणाची बाळंतपणं तिथं झाली, कुणाचे अब्बा तिथं शेवटचे दिवस होते, कुणी नातेवाइकाचा डबा घेऊन महिनाभर चकरा मारल्या. दसरा चौकातून, मुस्लिम बोर्डिंगवरून पुढं गेलं की ती जुनी दगडी इमारत दिसते. आज तिचं नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला ती आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून माहीत होती. इंग्लंडच्या राजपुत्राच्या नावावरून ते नाव पडलं होतं.

या दवाखान्याच्या इतिहासात एक खुर्ची अशी आहे, जिच्यावर बसायला नेमलेली व्यक्ती कधी बसलीच नाही. स्त्रियांच्या वॉर्डाची प्रमुख डॉक्टर म्हणून १८८६ साली कोल्हापूर दरबारानं त्यांची नेमणूक केली होती. अमेरिकेत जाऊन डॉक्टरीची पदवी घेणाऱ्या या मराठी बाईचं नाव डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी. त्यांना इथवर पोचू दिलं नाही ते क्षयानं. आपल्याकडं उर्दूत तपेदिक म्हणतात, जुन्या मराठीत राजयक्ष्मा, आणि आज सगळेच टीबी म्हणतात, ती ही बीमारी.

आनंदीबाईंवर सिनेमा आला, कादंबरी आली, शाळेच्या पुस्तकात धडा आला. त्यांच्या हिमतीची कहाणी पुष्कळांना ठाऊक आहे. आज आम्ही ती थोड्या वेगळ्या बाजूनं सांगणार आहोत. त्यांच्या बीमारीच्या बाजूनं. कारण ज्या रोगानं त्यांना नेलं तो रोग आपल्या मोहल्ल्यांतून अजून गेलेला नाही. फरक एवढाच की त्यांच्या वेळी दवा नव्हती, आज आहे.

यमुना ते आनंदी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला, वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठे, बिजवर. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव स्वभावानं विक्षिप्त आणि तापट होते, पण बायकोनं शिकलंच पाहिजे या एका गोष्टीवर ते अडून बसले. तो काळ असा की बाईच्या हातात पुस्तक दिसलं तर घरातलीच माणसं नाक मुरडायची. गोपाळरावांनी मात्र अभ्यासासाठी आनंदीबाईंना धाक दाखवला, प्रसंगी मारलंही, असं चरित्रं सांगतात. आम्ही हे लपवणार नाही. शिक्षण चांगलं असलं तरी मारून शिकवणं चांगलं ठरत नाही.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. दहा दिवसांचं बाळ गेलं. हवा तो इलाज वेळेवर मिळाला नाही. मूल दगावणं तेव्हा घरोघरी व्हायचं. आनंदीबाईंना मात्र या दुःखानं एक प्रश्न दिला. बाई आजारी पडली किंवा तिचं लेकरू आजारी पडलं, तर तिनं जायचं कुणाकडं? पुरुष डॉक्टरपुढं जायला लाज, घरच्यांची मनाई, आणि बाई डॉक्टर तर शोधून मिळत नाही. लाजेपायी बायका मुकाट्यानं दुखणं सोसतात आणि मरतात. मग आपणच डॉक्टर व्हायचं, हा विचार तिथून रुजला.

आमच्या वाचक भगिनींना हे वेगळं समजावून सांगायला नको. पडद्याचा, शरमेचा आणि लेडी डॉक्टरचा प्रश्न आपल्या घरांतही पिढ्यान् पिढ्या आहे. आजही कितीतरी खाला, फुप्पू, दादीअम्मा तपासायला बाई डॉक्टर आहे का, हे विचारूनच दवाखान्याची वाट धरतात. दीडशे वर्षांपूर्वी एका ब्राह्मण घरातल्या मुलीनं नेमकी हीच अडचण ओळखली होती.

कोल्हापुरातून निघालेलं पत्र

गोपाळरावांची बदली होत होत ते कोल्हापूरला आले. इथंच या कहाणीला वळण मिळालं. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचं काम चालायचं. ते सुरू करणारे रॉयल वाइल्डर तोवर अमेरिकेला परतले होते. बायकोला अमेरिकेत शिकायला पाठवायची आपली इच्छा गोपाळरावांनी मिशनमार्फत त्यांच्यापर्यंत पत्रानं पोचवली. ख्रिस्ती व्हाल तर मदत करू, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. जोशी कुटुंबाला ते मान्य नव्हतं. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

आता नशिबाचा खेळ बघा. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडं गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत त्यांनी तिथलं मासिक चाळलं आणि हे पत्र त्यांच्या नजरेला पडलं. ओळख ना पाळख, पण त्यांनी १८८० मध्ये पत्र लिहून मदतीचा हात पुढं केला. पुढं आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. धर्म वेगळा, मुलूख वेगळा, भाषा वेगळी, पण नातं खालाचंच जडलं.

मधल्या काळात जोशी दांपत्य भूज, कलकत्ता असं फिरत राहिलं. कलकत्त्यात असतानाच आनंदीबाईंची तब्येत वारंवार बिघडू लागली होती. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, मधूनच धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधंही पाठवली, पण फारसा उतार पडला नाही. ही दुखणी कशाची होती, हे आज इतक्या लांबून नेमकं सांगता येणार नाही. एवढं खरं की अमेरिकेला निघालेली मुलगी तब्येतीनं धडधाकट नव्हती.

लोकांचा विरोधही होताच. हिंदू घरातली बाई समुद्र ओलांडणार म्हणजे बाटणार, अशी ओरड झाली. मिशनरी म्हणत ख्रिस्ती व्हा. आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून सगळ्यांना उत्तर दिलं. बाई डॉक्टरांची या देशाला किती गरज आहे ते त्यांनी सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असंही ठणकावलं. अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा. आपला दीन सांभाळूनही दुनियेचं शिक्षण घेता येतं, हा मुद्दा आपल्या मुलींच्या शिक्षणाबद्दलही निघतोच. म्हणून त्यांचं हे म्हणणं आम्हाला आपलं वाटतं.

फिलाडेल्फियातली तीन वर्षं

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या. काही महिने रोझेलला त्यांच्या घरी काढून आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया महिला मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना सांभाळून घेतलं.

या कॉलेजातला एक जुना फोटो प्रसिद्ध आहे. आपापल्या देशाच्या पेहरावात तीन मुली शेजारी शेजारी. एक आनंदीबाई, दुसरी जपानची केई ओकामी, तिसरी सीरियाची सबात इस्लामबुली, म्हणजे शामच्या मुलखातली. पूर्वेकडच्या तीन मुली, तीन वेगळे मजहब, आणि तिघींचं ध्येय एकच, आपल्या देशातल्या बायकांचा इलाज करणं. फोटो १८८५ चा आहे. आपल्या मुलींना तो जरूर दाखवा.

पण फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे थंडी. कल्याण-कोल्हापूरची मुलगी बर्फाच्या मुलखात राहत होती. अंगात साडीच, खाणं शाकाहारी, त्यातही ओळखीचं काही मिळणं कठीण. अभ्यास रात्री उशिरापर्यंत. आधीच कमजोर असलेलं शरीर आणखी खंगत गेलं. तिथंच क्षयानं त्यांना गाठलं असं चरित्रकार मानतात.

तरी अभ्यास थांबला नाही. आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. वय एकवीस पुरं व्हायलाही वीस दिवस बाकी होते.

कोल्हापूरचं बोलावणं

त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराचं बोलावणं आलं. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी घ्या, अशी नेमणूक झाली. आनंदीबाईंनी ती आनंदानं स्वीकारली. आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, व्हाइसरॉय डफरिन यांच्या पत्नीनं हिंदुस्थानातल्या बायकांसाठी बाई डॉक्टर आणि नर्सेस मिळाव्यात म्हणून निधी सुरू केला होता. सगळीकडं बाई डॉक्टरची गरज बोलली जात होती, आणि आपल्या कोल्हापूरनं तर एक मराठी डॉक्टरीण नेमूनही टाकली होती.

जरा कल्पना करा. ज्या गावातून पत्र गेलं त्याच गावात ती मुलगी डॉक्टर होऊन परतणार होती. करवीरच्या गल्ल्यांतल्या, आसपासच्या खेड्यांतल्या बायका पहिल्यांदाच आपली भाषा बोलणाऱ्या बाई डॉक्टरपुढं मनमोकळं दुखणं सांगणार होत्या.

गोपाळराव मागाहून अमेरिकेला पोचले होते. दोघं बोटीनं परत निघाले. प्रवासात आनंदीबाईंची प्रकृती आणखी ढासळली. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या तेव्हा लोकांनी मोठं स्वागत केलं. पण ज्यांचं स्वागत होत होतं त्या खोकल्यानं आणि तापानं जर्जर झाल्या होत्या. कोल्हापूरचा विचार बाजूला ठेवून त्यांना पुण्याला नेलं. वैद्यांचे उपाय झाले. समुद्र ओलांडलेल्या बाईवर इलाज करायला काहींनी का-कू केलं, असंही त्यांच्या कहाणीत सांगितलं जातं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस पुरी व्हायला महिना राहिला होता.

त्यांच्या अस्थी पुढं कार्पेंटर मावशींकडं पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या कब्रस्तानात, मावशींच्या घराण्याच्या जागेत, त्यांच्या नावाचा दगड आहे.

कोल्हापूरची खुर्ची रिकामी राहिली. पुढं शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच दवाखान्यात बायकांची सेवा केली. शाहू महाराजांनीच १९०६ साली मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था काढून मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, हे आपल्याला माहीतच आहे.

डॉक्टर असूनही का वाचल्या नाहीत?

हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस छळत होता. स्वतः एम.डी., नवरा जिवाला जीव देणारा, अमेरिकेत जीव लावणारी मावशी, इथं नाव आणि मानमरातब. तरी एवढ्या तरुण वयात मौत का आली?

उत्तर साधं आहे आणि कठोर आहे. तेव्हा क्षयावर दवाच नव्हती.

इब्न सीना यांनी आपल्या अल-कानून या ग्रंथात हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो असं हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पण तो कशानं होतो हे कुणालाच दिसलं नव्हतं. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे आनंदीबाई बोटीत बसायच्या आधी जेमतेम वर्षभर. म्हणूनच २४ मार्च हा दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात. शत्रू ओळखता आला, पण त्याला मारायचं हत्यार हातात यायला आणखी साठ वर्षं गेली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. तोपर्यंत इलाज म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि दुआ. आपल्याकडं मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाच्या रोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं. आमच्या जुन्या पिढीत त्याचं नाव घेतलं तरी घरात शांतता पसरायची.

मग चित्र बदललं. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग झाला. काही रोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवून औषधं दिली, काहींना गरिबीतल्या, दाटीवाटीच्या आपल्याच घरी राहून. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळं जास्त लागणही झाली नाही. महागडी हवा नको, दुधाचे रतीब नसले तरी चालेल, गोळ्या मात्र वेळेवर आणि पुऱ्या हव्यात, हे तिथं साबित झालं. आज जगभर रोग्याला घरी ठेवूनच इलाज होतो, त्याची मुळं आपल्या देशात आहेत.

आज दवा आहे, मग अडतं कुठं?

अडतं ते आपल्या मनात. ही बीमारी लपवायची असं आपण ठरवून टाकलंय.

घरात मुलगी लग्नाची असेल तर तिचा खोकला लपवतात. रिश्ता तुटेल ही भीती. सून असेल तर ती स्वतःच बोलत नाही, सासरचे माहेरी पाठवतील म्हणून. कमावता मुलगा काम जाईल म्हणून गप्प. मग मेडिकलमधून खोकल्याचं औषध, शेजारच्यानं सांगितलेला काढा, दम केलेलं पाणी, आणि यात दोन-तीन महिने जातात. दुआ आणि रुकिया जरूर करा, आमचा त्याला विरोध नाही. पण अल्लाहनं जी बीमारी उतरवली तिची शिफाही उतरवली, आणि इलाज करून घ्या, ही शिकवण आपल्याला हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडूनच मिळाली आहे. दवाखाना टाळणं म्हणजे तवक्कुल नव्हे.

लक्षणं ध्यानात ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, भूक मरणं, वजन उतरणं, थुंकीत रक्त. यातलं काही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आता ट्रूनॅटसारख्या मशीनवर एक-दोन तासांत उत्तर मिळतं, औषधाला दाद न देणारा टीबी आहे का हेही त्यावर कळतं. हे मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे. टीबी फुफ्फुसाचाच असतो असंही नाही. मानेच्या गाठी, मणका, पोट, गर्भाशय, कुठंही होतो. मूल होत नाही म्हणून जिला बोल लावले जातात अशा एखाद्या सुनेच्या दुखण्याचं मूळ गर्भाशयाच्या टीबीत निघतं. तिला दोष देण्याआधी तपासणी करा. ज्यांना साखरेची बीमारी आहे त्यांनी जास्त जपावं. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो.

आणखी एक गैरसमज. ताट-वाटी वेगळी काढणं, कपडे वेगळे धुणं, रोग्याला कोपऱ्यात टाकणं, यानं काही साधत नाही. टीबी हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. खिडक्या उघड्या ठेवा, रोग्यानं खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा, एवढं पुष्कळ आहे. औषध नीट लागू पडलं तर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. दस्तरखान वेगळा मांडायची गरज नाही.

गोळ्यांचा त्रास झाला तर

इथं आमचे बरेच लोक चुकतात. साधा टीबी असेल तर किमान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामाला लागतो आणि म्हणतो, झालो की बरा! गोळ्या बंद. पण जंतू मेलेले नसतात. ते औषधाला सरावतात आणि पुन्हा उठतात, तेव्हा साध्या गोळ्या चालत नाहीत. मग इलाज लांबतो, औषधं कडक होतात, त्रासही वाढतो.

दुसरं कारण म्हणजे गोळ्यांचा त्रास. त्रास होतो हे खरंच आहे, पण कुठला साधा आणि कुठला धोक्याचा हे कळलं तर घाबरायचं कारण नाही.

रिफाम्पिसिन या गोळीनं लघवी, घाम, डोळ्यांचं पाणीसुद्धा केशरी-लालसर होतं. रक्त जातंय समजून लोक घाबरून गोळ्या फेकून देतात. हा फक्त औषधाचा रंग आहे, त्यात काही धोका नाही. सुरुवातीला थोडी मळमळही होते. गोळी कशी आणि कधी घ्यायची ते डॉक्टरला विचारलं की ती बहुधा कमी होते.

आयसोनियाझिडनं हातापायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात. त्यासाठी डॉक्टर ब ६ जीवनसत्त्वाची गोळी जोडून देतात. मागून घ्या.

पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नाहीत, अन्नावरची वासना पार उडाली, पोटात उजव्या बाजूला दुखतं, अशी लक्षणं दिसली तर ती लिव्हरवर ताण आल्याची खूण असू शकते. उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुठली गोळी थांबवायची, कुठली नंतर परत सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतील. इथाम्ब्युटॉलनं क्वचित नजर धूसर होते, लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. तसं वाटलं तरी लगेच सांगा.

बायकांसाठी एक खास गोष्ट, जी लाजेपायी कुणी सांगत नाही. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. दुसरा उपाय काय, ते डॉक्टरला किंवा नर्सला विचारा. बाळ अंगावर पीत असेल तर टीबीच्या गोळ्या चालू असतानाही दूध पाजता येतं, मास्क लावून. डॉक्टरला बाळाबद्दल आवर्जून सांगा, म्हणजे त्याचीही तपासणी होईल. साखरेची, फेफऱ्याची, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर तीही सांगा, कारण रिफाम्पिसिन त्यांच्या कामात ढवळाढवळ करतं.

आणि रमजान. रोजे सुटतील म्हणून इलाज पुढं ढकलणारे, किंवा रोज्यांसाठी गोळ्या बंद करणारे लोक असतात. बीमार माणसाला रोज्यातून सवलत कुरआननंच दिली आहे, बरं झाल्यावर ते रोजे पुरे करता येतात. तब्येत झेपणारी असेल तर गोळ्या सेहरी-इफ्तारच्या वेळी बसवता येतील का, हे डॉक्टरला विचारा. मसला आपल्या आलिमसाहेबांना विचारा. पण स्वतःच्या मनानं गोळी चुकवू नका.

टीबीची औषधं सरकारी यंत्रणेतून पूर्ण मोफत आहेत. खासगी डॉक्टरकडं इलाज चालू असला तरी रोग्याची नोंद सरकारकडं करावी लागते, २०१२ पासून तसा नियम आहे. खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे पैसे थेट बँक खात्यात येतात. आपल्या हक्काचे आहेत, मागताना शरम कसली?

रिकाम्या खुर्चीकडं बघताना

आनंदीबाईंनी इल्म मिळवला, पण दवा त्यांच्या हयातीत आली नाही. आपल्याकडं दवा आहे, फुकट आहे, घराजवळच्या आरोग्य केंद्रात आहे. तरी कुणाची तरुण बहीण, कुणाचा भाऊ याच बीमारीनं आजही जातो. त्यांच्या मौतीला इलाज नव्हता. आपल्यातल्या बहुतेक मौतींना आहे, आणि तो वेळेवर न घेण्याची जबाबदारी आपल्या घरावर येते.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. खोकणाऱ्या लेकीला, सुनेला, कामवाल्या बाईलासुद्धा प्रेमानं विचारा, किती दिवस झाले? बरोबर जा, तपासून आणा. गोळ्या सुरू झाल्या तर सहा महिने रोज एकदा आठवण करा, जशी नमाजची करता तशी. टीबी झाला होता आणि बरा झाला, हे चारचौघांत सांगणाऱ्या माणसाकडं बोट दाखवू नका. त्याला शाबासकी द्या, कारण त्याच्यामुळं दुसरा कुणी वेळेवर दवाखान्यात जाईल.

आणि ज्यांच्या मुली बारावी सायन्सला आहेत त्यांनी लग्नाची घाई करू नये. एका बाई डॉक्टरची खुर्ची कोल्हापुरात १८८७ साली रिकामी राहिली. आपल्या मोहल्ल्यातल्या खालाजान अजूनही बाई डॉक्टर आहे का म्हणून विचारतात. त्या खुर्चीवर तुमची बेटी का बसू नये?

पुढच्या वेळी सीपीआरला गेलात तर त्या जुन्या दगडी इमारतीपाशी थोडं थांबा. आनंदीबाई तिथं कधी पोचल्या नाहीत. अल्लाह आपल्या सगळ्या बीमारांना शिफा देवो, आणि इलाजात कसूर न करण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.